तुमचंच बरोबर

पुण्यात दुसऱ्याची चूक दाखवून देणं हा आगाऊपणा समजला जात नाही, ते नागरी कर्तव्य आहे. रिक्षावाला रस्ता चुकला तर गिऱ्हाईक त्याला दुरुस्त करतं, गिऱ्हाईक चुकलं तर रिक्षावाला. दोघंही बरोबर असले तर सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवाला दोघांना सांगतो की तो रस्ता आता वन-वे झालाय. पत्रिकेतलं शुद्धलेखन, पाटीवरची वेलांटी, गवयाचा जरा खाली लागलेला निषाद, यातलं काही सुटत नाही. अशा या शहराच्या कडेला एक इमारत आहे. तिथे बारा-बारा तासांच्या ड्यूटीत कुणी कुणाला ‘चूक’ म्हणत नाही. हे स्मृतिभ्रंश झालेल्यांना सांभाळणारं केंद्र आहे, आणि तळमजल्यावर थोडं संशोधनही चालतं. तिथे मावश्या आहेत, मामा आहेत, सिस्टर, सायकॉलॉजिस्ट ताई आणि डॉक्टर आहेत. हुद्दे वेगवेगळे, वाण एकच. मी या सगळ्यांना ‘तुमचंच बरोबर’वाले म्हणतो.

माझं तिथलं जाणं-येणं एका नातलगामुळे. त्यांच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. ते पूर्वीसारखे असते तर या लेखाचं पहिलं वाक्यच त्यांनी खोडलं असतं.

असा माणूस तयारच मिळत नाही, तो घडावा लागतो. माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोनं पाठवलेली नवी मुलगी पहिल्या दिवशी अगदी तुमच्या-आमच्यासारखी असते, म्हणजे खरं बोलते. दोन नंबरच्या खोलीतल्या आक्का तिला विचारतात, “आमचे हे अजून कसे आले नाहीत?” मुलगी फाइल वाचून आलेली. ती म्हणते, “आक्का, ते वारले की. बरीच वर्षं झाली.” आक्कांना ती बातमी त्या क्षणी कळते. पहिल्यांदा ऐकताना रडल्या असतील तशाच त्या रडतात. दहा मिनिटांत बातमी पुसली जाते, रडू मात्र राहतं. आपण का रडतोय ते कळेना म्हणून त्या आणखी रडतात. मग डोळे पुसून विचारतात, “आमचे हे अजून कसे आले नाहीत?”

यामागे शास्त्र आहे. नव्या घटनांची नोंद करणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग अल्झायमरमध्ये बहुधा सुरुवातीच्या टप्प्यातच झिजू लागतो. प्रसंग लक्षात राहत नाही, पण प्रसंगानं आलेलं दुःख किंवा सुख त्यानंतरही काही काळ मागे उरतं, हे प्रयोगांतही दिसलंय. नव्या मुलीला यातलं काही ठाऊक नसतं. तिला एवढंच दिसतं की आपण सकाळपासून एका बाईला चार वेळा विधवा केलं. पाचव्यांदा तिच्या तोंडून आपोआप निघतं, “येतील हो, पावसात अडकले असतील.” आक्का म्हणतात, “छत्री नेली नसणार. कधीच नेत नाहीत.” आणि पोहे खायला बसतात. झाली मुलगी तयार. पुढचं सगळं प्रशिक्षण म्हणजे या वाक्याच्या आवृत्त्या.

या वाणाचा सर्वात पक्का नमुना म्हणजे अक्कलकोटकडची मावशी. अंगाने आडवी, चालीने वेगवान, कमरेला किल्ल्या आणि पदराला गाठ. त्या गाठीत काय असतं ते कुणाला माहीत नाही. एका ड्यूटीत ती निदान चार माणसं होते. चार नंबरच्या अण्णांची ती बँकेतली शिपाई, सहा नंबरच्या मुख्याध्यापिका बाईंची ती ‘अ’ तुकडीतली ढ मुलगी, सात नंबरच्या तात्यांची धाकटी बहीण, आणि तीन नंबरच्या आजोबांची रागाच्या दिवशी सून, बऱ्या दिवशी आई. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना चेहरा बदलायला तिला मधला पॅसेज पुरतो. आमच्या हौशी नाटकांतल्या मंडळींना यासाठी विंगेत बराच वेळ आणि चहा लागतो.

यात खरी अडचण थापेची नसते, सातत्याची असते. त्यामुळे ड्यूटी बदलताना बीपी, शुगर, लघवी आणि औषधं यांच्या खाली आणखी एक हँडओव्हर होतो. तो मी कान देऊन ऐकलाय. “दोन नंबरचे यजमान नाशिकला. चार नंबरची बँक आज बंद, ऑडिट चालूय. सहा नंबरच्या शाळेला सुट्टी, पाऊस लई. सात नंबरची म्हैस गाभण हाय, ढोराचा डाक्टर उद्या येणार.” सिस्टर गंभीर चेहऱ्यानं सगळं रजिस्टरला उतरवून घेते. हा गंभीरपणा उगाच नाही. एकदा दिवसपाळीनं यजमानांना नाशिकला पाठवलं होतं, आणि रात्रपाळीची मावशी झोपेत असल्यासारखी ‘नागपूरला गेलेत’ म्हणून गेली. सकाळी काय खाल्लं ते न सांगता येणाऱ्या आक्का उसळून उठल्या. “मघाशी नाशिक म्हणालीस! दोन-दोन घरं मांडलीत की काय त्यांनी?” रात्रभर संसार मोडायच्या बेतात होता.

तेव्हापासून नियम झाला की सगळे यजमान नाशिकला. एका श्रावणात पाच जणींचे नवरे एकाच वेळी नाशिकला होते. जेवणाच्या टेबलावर त्या एकमेकींना धीर देत होत्या, “काय आहे हो मेलं त्या नाशकात!”

आता कुणी म्हणेल, हा धडधडीत खोटेपणा आहे. म्हणणारे साधेसुधे नाहीत. टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाचं १९९७ सालचं पुस्तक या क्षेत्रात फार मानलं जातं. आजाराच्या आधी माणूस पाहा, हा विचार त्यानं जोरात मांडला. रुग्णाचं माणूसपण कमी करणाऱ्या वागण्याची एक यादी त्यानं केली, आणि त्या यादीत फसवणूकही आहे. म्हणजे किटवुडच्या परीक्षेत आमच्या मावशीचा एक पेपर गेला. पण मावशीचं काम जवळून पाहिलं तर लक्षात येतं की थाप हे तिचं शेवटचं हत्यार आहे. ते फार गर्दी असेल तेव्हा वापरायचं. वेळ असला की ती उत्तर देतच नाही, उलट विचारते. “आमचे हे कुठेत?” म्हटलं की ही खाली बसकण मारते. “कसे होते वो दिसायला? रागीट होते का?” झालं. आक्का अर्धा तास सांगतात. ते रागीट नव्हते, पण भात गिचका झाला की ताट सारायचे. साडी घ्यायला बरोबर यायचे आणि दुकानाबाहेर उभे राहायचे. शेवटी ‘होते, यायचे, म्हणायचे’ असा भूतकाळ त्यांच्या त्याच चालवत असतात. मावशीनं एक शब्द खोटा बोललेला नसतो. किटवुडला हे बहुधा आवडलं असतं.

मावशीच्या नेमणुकीची गंमत आहे. मुलाखतीत तिला कुणी विचारलं नव्हतं की किती भाषा येतात. बेळगावच्या एक आजी होत्या, उभी हयात पुण्यात मराठीत गेलेली. आजार वाढला तसं त्यांचं मराठी विरत गेलं आणि खालून माहेरचं कन्नड वर आलं. मुलगा-सून चक्रावले, आई काहीतरी असंबद्ध बोलतेय म्हणून डॉक्टरांना फोन. मावशी त्या वेळी चादर बदलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “ऊटा आतेन्री, आज्जी?” जेवण झालं का, एवढंच. आजींचा चेहरा असा उजळला की सुनेनं दोन पावलं मागे घेतली. अक्कलकोटच्या बाजारात दोन्ही भाषा सारख्याच चालतात, त्यात मावशीला विशेष वाटलं नाही. तळमजल्यावरच्या ताईला मात्र फार वाटलं. हैदराबादला स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला आढळला, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही हा फरक दिसला. ताईनं हे मावशीला समजावून सांगितलं. मावशी म्हणाली, “मग ह्या कारट्यांना इंग्लिशसंगं मराठी पण शिकवा की.” यावर ताईला काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून ती “छान” म्हणाली.

ताईचं हे ‘छान’ स्वतंत्र विषय आहे. ती सायकॉलॉजिस्ट, वयानं लहान, हातात कायम क्लिपबोर्ड. तिच्याकडे तीस मार्कांची चाचणी असते. फोलस्टीन पतिपत्नी आणि मॅकह्यू यांनी ती अमेरिकेत १९७५ साली तयार केली, आणि जगभर ती आजही वापरात आहे. आज वार कोणता, साल कोणतं, आपण कुठल्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात वजा करत जा. उत्तर बरोबर आलं तर हुरळायचं नाही, चुकलं तर चेहरा पाडायचा नाही, पुढचा प्रश्न त्याच स्वरात. त्यामुळे ताईला दोन्हीसाठी एकच शब्द उरला, छान. सालाच्या प्रश्नाला तात्या ठामपणे म्हणाले, “पानशेतचं साल.” ताईनं शून्य लिहिलं आणि म्हणाली, “छान.” मग तात्यांनी एकसष्टच्या त्या बारा जुलैला पानशेतचं धरण फुटल्यावर पाणी कुठपर्यंत चढलं, कुणाचा वाडा बसला, कुणाची तुळई कुठे सापडली, हे सगळं नदीकाठानं घरोघर सांगितलं. त्याला चाचणीत मार्क नाहीत. ताईला ते खुपतं, हे तिच्या पेनाच्या टोकावरून कळतं. ती उगाचच शून्य गिरवत बसते.

अण्णा निवृत्त कॅशियर. त्यांना बायकोचं नाव आठवत नाही, पण वजाबाकी थांबवता येत नाही. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. इथे पाच वजाबाक्या होतात आणि परीक्षा संपते. अण्णांची संपत नाही. अठ्ठावन्न, एक्कावन्न करत ते थेट नऊवर आले, मग दोनवर, आणि तिथे थबकले. दोन रुपये उरले. कुणाचे? टॅली लागल्याशिवाय उठायचं नाही, ही चाळीस वर्षांची सवय. जेवायची घंटा झाली, अण्णा हलेनात. ताईचं मानसशास्त्र संपलं. शेवटी सिस्टर आली, क्लिपबोर्डवर एक सही ठोकली आणि म्हणाली, “साहेब, सस्पेन्स खात्याला टाकले.” अण्णा उठले. सिस्टरचे वडील बँकेत होते, हे मला नंतर कळलं.

मुख्याध्यापिका बाईंनी तर ताईचीच परीक्षा घेतली. घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, असा दुसऱ्या एका चाचणीत प्रश्न असतो. ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे. ‘दहा’ ऐकल्यावर थकलेला मेंदू मोठा काटा सरळ दहाच्या आकड्यावर नेतो, आणि दोनवर न्यायला हवा हे सुचायला बरंच काही शाबूत असावं लागतं. बाईंनी सुरेख वर्तुळ काढलं, बारा आकडे घातले, आणि पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, “सकाळचे की रात्रीचे? प्रश्न संदिग्ध आहे. पेपर कुणी काढला?” ताई म्हणाली, “छान.” बाई म्हणाल्या, “छान काय? उभी राहा.” ताई उभी राहिली.

ताईच्या धंद्यात आणखी एक भानगड असते. ती तीस मार्कांची चाचणी शिकलेल्यांनी शिकलेल्यांसाठी केलेली. हरियाणातल्या बल्लभगडकडच्या खेड्यांत नव्वदच्या दशकात तिची हिंदी आवृत्ती केली, तेव्हा लिहिण्या-वाचण्यावर अडणारे प्रश्न बदलावे लागले. कारण पेन न धरलेल्या आजीला एखादं वाक्य लिहायला सांगून आजार सापडत नाही, फक्त सरकारची शिक्षणखात्यातली कामगिरी सापडते. हे ताई फार पोटतिडकीनं सांगते. तेवढ्यापुरती ती ‘छान’ म्हणत नाही.

संध्याकाळी पाचनंतर या इमारतीची खरी कसोटी. उन्हं कलली की बऱ्याच जणांची तगमग वाढते. डॉक्टर लोकांत याला सनडाउनिंग म्हणतात, मावश्या ‘घरची वेळ’ म्हणतात. बाप्ये पिशव्या भरतात, बायका पदर खोचतात, आणि सगळे फाटकाकडे. घरी जायचंय. कुठलं घर, ते विचारू नये. ते घर बहुधा चाळीस वर्षांपूर्वीच पाडून तिथे अपार्टमेंट झालेलं असतं.

फाटकावर मामा असतो. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या एका वृद्धनिवासानं दारासमोर खोटा बसथांबा उभारला होता. घरी निघालेले रुग्ण तिथे बाकावर बसत, बस काही येत नसे, आणि थोड्या वेळानं कुणीतरी येऊन त्यांना कॉफीला आत नेई. डॉक्टरांनी हे मोठ्या कौतुकानं सांगितल्यावर मामा म्हणाला, “यात खोटं काय? आपल्याकडं पण अशेच थांबे आहेत.” मामाची पद्धत जर्मनीच्या पुढची आहे. त्याच्याकडे जुना पंच आहे (तो त्याच्याकडे कसा, हे मी विचारलं नाही) आणि रद्दी कागदाच्या कापलेल्या चिठ्ठ्या आहेत. “कुठं जायचंय, आजोबा? सातारा? बसा, गाडी लागतेय. एक तिकीट सातारा. सुट्टे द्या.”

‘सुट्टे द्या’ हे मामाचं ब्रह्मास्त्र. आजोबा खिसे चाचपतात. कोटाचा, सदऱ्याचा, पायजम्याचा, पुन्हा कोटाचा. कुठल्याही मराठी माणसाच्या डोक्यात कंडक्टर आणि सुट्टे यांची गाठ इतकी खोल बसलेली असते की कुठलाही आजार तिथवर पोचायला वेळ लागतो. शोधता शोधता आजोबा विसरतात की आपण कुठे निघालो होतो. मामा तिकीट पंच करून देतो आणि म्हणतो, “उरलेले मागच्या बाजूला लिहिलेत, उतरताना घ्या.” आजोबा तिकीट वरच्या खिशात जपून ठेवतात आणि चहाला आत येतात. शनिवारी धोब्याकडे कपडे द्यायच्या आधी मावशी सगळ्यांच्या खिशातून तिकिटं काढते. सातारा, सावंतवाडी, आटपाडी, एक तर थेट कराची.

डॉक्टरांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते स्वतः थोडक्यात असतात. नातेवाइकांना ते स्पष्ट सांगतात की डोनेपेझिल, मेमँटिन वगैरे गोळ्यांनी काही जणांना काही काळ थोडा आधार मिळतो, आजार मागे फिरत नाही. खोबरेल तेलाच्या व्हॉट्सॲपला ते ‘नाही’ म्हणतात. अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालेल्या लेकॅनेमॅबच्या सलाइनबद्दल कुणी विचारलं, तर ते अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे आणि त्याला वारंवार एमआरआय लागतात, हेही सांगतात. म्हणजे या इमारतीत ज्यांना कुणी ‘तुमचं चुकतंय’ म्हणू शकतं ते फक्त नातेवाईक. डॉक्टर तेवढ्यावर आपली पुणेरी भूक भागवतात.

त्यांचा एकच शौक, स्टाफला इतिहास सांगणं. आलॉइस अल्झायमरनं फ्रँकफुर्टच्या इस्पितळात १९०१ साली ऑगस्टे डेटर या एक्कावन्न वर्षांच्या बाईला तपासलं. ती मेल्यावर तिच्या मेंदूत काय दिसलं ते त्यानं ३ नोव्हेंबर १९०६ ला ट्यूबिंगेनच्या सभेत वाचलं. सभेत एकानंही प्रश्न विचारला नाही. इथे डॉक्टर नेहमी थांबतात आणि म्हणतात, “पुण्यात वाचलं असतं तर?” खरंच आहे. पुण्यात निदान तिघे उठले असते. पहिला म्हणाला असता, “माझा प्रश्न नाही, पण थोडं सांगायचंय.” दुसऱ्यानं त्या लक्षणांचा चरकात आलेला उल्लेख काढला असता. तिसऱ्यानं पंखा कमी करायला सांगितलं असतं.

त्या ऑगस्टेबाईंच्या कागदपत्रांत एक नोंद आहे. हे कागद पुढे हरवले आणि १९९५ मध्ये सापडले. दुपारी त्या डुकराचं मांस आणि फ्लॉवर खात होत्या. काय खाताय, असं अल्झायमरनं विचारल्यावर त्यांनी पालक असं सांगितलं. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा सगळे माना हलवत गप्प होते. मावशीनं विचारलं, “मग तो साहेब काय म्हनला?”

“काही नाही. लिहून घेतलं.”

“लिवायचं काय त्यात? पालकच हाय म्हनायचं, वर जरा तूप वाढू का विचारायचं. चार घास जास्त गेले असते बाईला.”

डॉक्टरांनी पुढच्या वेळी इतिहास सांगताना ऑगस्टेबाईंचं जेवण गाळलं.

या लोकांना शत्रू एकच, ‘ओळखलं का मला?’ हा प्रश्न. मराठी माणूस लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर, स्मशानातसुद्धा हा प्रश्न विचारतो आणि समोरच्याची फजिती दोन मिनिटं चवीनं बघतो. तीच सवय घेऊन नातेवाईक इथे येतात. न्यू जर्सीचा मुलगा वर्षातून एकदा येतो, बॅग ठेवायच्या आधी वडिलांसमोर उभा राहतो आणि म्हणतो, “बाबा, मी कोण? सांगा ना, कोण मी?” बाबा घामाघूम. म्हणून पाहुणा फाटकात दिसला की मामा आत ओरडून वर्दी देतो आणि पाहुणा तोंड उघडायच्या आत मावशीची घोषणा होते, “बाबा, बगा कोन आलंय! तुमचे धाकले आलेत, अमेरिकेवरनं! केवढे उंच झालेत!” बाबा सावरतात, “अरे ये, ये. परीक्षा कशी झाली?” मुलगा पन्नाशीचा. तो मावशीकडे बघतो. मावशी डोळ्यांनीच दटावते. “चांगली गेली बाबा,” असं तो म्हणाला की त्यालाही चहा मिळतो.

देशभरच्या एका मोठ्या पाहणीच्या आधारे २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठीपुढच्या शंभर भारतीयांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख माणसं. त्यांतली बहुतेक घरीच असतात आणि त्यांची मावशी, मामा, सिस्टर म्हणजे एकच सून किंवा एकच म्हातारा नवरा. त्यांच्याकडून आठ वाजता चार्ज घ्यायला कुणी येत नाही. हे व्यक्तिचित्र त्यांचंही आहे, फक्त त्यांच्याकडे हसायला वेळ कमी असतो.

आमची मावशी घरी कशी असते, हा मला पडलेला प्रश्न. वाटायचं, घरी गेल्यावरही नवऱ्याला “तुमचंच बरोबर” म्हणत असेल. मामा तिच्याच वस्तीत राहतो. तो ऐकून हसायलाच लागला. म्हणे, दिवसभर गिळलेल्या सगळ्या दुरुस्त्या ती फाटकाबाहेर पडल्या पडल्या काढते. बसमध्ये कंडक्टरला, मंडईत तराजूला, घरी नवऱ्याला, आणि टीव्हीवरच्या सासूला तर नाव घेऊन. ब्यूरोवाल्यानं एकदा महिन्याच्या सव्वीस ड्यूट्या धरल्या. मावशी म्हणाली, सत्तावीस. मग तिनं तारखा, कुणाच्या बदलीची रात्र, त्या रात्री कुणाला ताप होता, किती होता, सगळं म्हणून दाखवलं. ब्यूरोवाल्यानं पैसे मोजले आणि हात जोडून म्हणाला, “मावशी, तुमचंच बरोबर.” ही गोष्ट मावशी स्वतः सांगते, आणि सांगताना फार हसते.

मध्यंतरी बाहेरून एक प्रशिक्षक बाई आल्या. दोन दिवसांची कार्यशाळा, प्रोजेक्टर, पडद्यावर बाण आणि चौकोन. रुग्णाशी वाद घालू नये, त्याच्या भावनेला उत्तर द्यावं, त्याचा स्वाभिमान जपावा, वगैरे. माहिती चांगली होती. मावश्या पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होत्या. प्रत्येक चौकोनानंतर बाई विचारायच्या, “पटतंय ना?” आणि अक्कलकोटची मावशी प्रसन्न मुद्रेनं म्हणायची, “व्हय की मॅडम, तुमचंच बरोबर.” बाई इतक्या खूश झाल्या की जेवणाच्या सुट्टीनंतरही त्यांनी अर्धा तास जास्त घेतला. मी मागच्या बाकावर होतो. मावशीचा तो आवाज, ती मान, ते किंचित पुढे झुकणं मी कॉरिडॉरमध्ये रोज पाहिलेलं होतं. बाईंना पाणी हवंय का, उकडतंय का, हेही तिनं मधेमधे विचारलं.

शेवटी प्रमाणपत्रं वाटली. मावशीचं प्रमाणपत्र गुळगुळीत कागदावर, सोनेरी काठाचं. ती ते घेऊन जेवण भरवायला सहा नंबरला गेली. मुख्याध्यापिका बाईंना भरवण्याची तिची ठरलेली रीत आहे. ती जेवणाच्या नोंदीची वही पुढे ठेवते, मुद्दाम ‘जेवन’, ‘पाणि’, ‘भाजि’ असं लिहिते, आणि बाई लाल पेन्सिलीनं एकेक चूक दुरुस्त करताना एकेक घास घेतात. शुद्धलेखन बाईंचं शाबूत आहे, माणसं गेली तरी. त्या दिवशी वहीऐवजी प्रमाणपत्रच पुढे आलं. बाईंनी चष्मा सारखा केला. ‘प्रशीक्षण’वर त्यांनी गोल केला. ‘यशस्वि’वर केला. ‘शूभेच्छा’पाशी त्या नुसतंच उसासल्या आणि दोनदा गोल केला. तोवर वरणभात संपला होता. मग वर कोपऱ्यात दहापैकी चार मार्क देऊन, खाली सही करून, त्यांनी कागद मावशीच्या हातात ठेवला.

“कुणाचं आहे हे?”

“त्या नव्या मॅडमचं.”

“पुन्हा लिहून आणायला सांग त्यांना. आणि उद्या पालकांना घेऊन यायला सांग.”